मामांचा रेडिओ, लेकीचा रेडिओ आणि माझा



गेल्या रविवारी स्वाध्याय संपल्यावर बस्तीच्या ओट्यावर आम्ही चार-पाचजणी बसलो होतो. चष्मा शोधताना माझ्या पिशवीतून हाताच्या पंजाएवढा रेडिओ बाहेर आला. एक काकू म्हणाल्या, "अगं, घरात टीव्ही, हातात मोबाईल. आता हे आणि कशाला? परिग्रह वाढवायची हौस आली का तुला?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण काकूंचा प्रश्न खरा होता. उत्तर ओट्यावर दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहिते. पावसाळा तोंडावर आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं घर सांगलीत, गावभागात. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोक्याची पातळी, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आधीच्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते आम्हाला माहीत होतं, त्यामुळं यंदाही तिथंच थांबेल असं धरून आम्ही वरच्या मजल्यावर राहिलो. धान्य वर नेलं, प्यायचं पाणी गाळून, उकळून भरून ठेवलं. जेवणं सूर्य मावळायच्या आत उरकायची सवय होतीच, त्यामुळं अंधारात स्वयंपाकाचा घोर नव्हता. तयारी पूर्ण आहे असं मला वाटलं होतं.

वीज गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मोबाईल बंद पडले. त्या रात्री शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "धरण फुटलं!" कुठलं धरण, कुणी सांगितलं, काही कळायला मार्ग नव्हता. सगळी गल्ली अंधारात गच्चीकडं धावली. आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय घसरला आणि खुबा मोडला. पुढचे चौदा तास त्या चटईवर पडून होत्या. बोट आली तेव्हा खाटेसकट खाली उतरवलं.

धरण फुटलं नव्हतंच. ती अफवा होती.

आता खरी गोष्ट सांगते. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, एक ट्रान्झिस्टर होता. ते होते तोवर सकाळच्या बातम्या आणि संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम त्याच्यावर लागायचा. काटा सांगली केंद्राच्या १२५१ वर कायमचा बसलेला. ते गेल्यावर तीन वर्षांनी घराला रंग द्यायला काढला, तेव्हा तो मी भंगारवाल्याला दिला. आत्ती एवढंच म्हणाल्या होत्या, "राहू दे की गं, खातंय का ते?" मी राहू दिला नाही. दोन जाड सेल घातले की चालणारी ती वस्तू त्या रात्री कपाटावर असती, तर बातम्या ऐकून आम्ही जागेवर बसलो असतो. आत्तींनी हे मला आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. म्हणूनच ते जास्त टोचतं.

त्या दिवाळीला आमची लेक अमेरिकेतून आली. ती टेक्सासमध्ये राहते, तिकडं चक्रीवावटळी येतात. येताना तिनं माझ्यासाठी लालभडक रंगाचा 'इमर्जन्सी वेदर रेडिओ' आणला. हँडल फिरवलं की चार्ज होतो, वर छोटं सोलर पॅनेल, टॉर्च, भोंगा आणि 'डब्ल्यूबी' लिहिलेलं एक बटण. ती म्हणाली, "आई, हे बटण दाबलं की चोवीस तास फक्त हवामान सांगतात. रात्री वादळाचा इशारा आला की आमचा रेडिओ आपोआप वाजून आम्हाला उठवतो."

मी मोठ्या आशेनं बटण दाबलं. नुसती खरखर. गच्चीवर गेले, तिथंही खरखर.

मग शोध घेतला तेव्हा कळलं. अमेरिकेत सरकारी हवामान खात्याची स्वतंत्र प्रसारण केंद्रं आहेत. ती १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या सात जागांवर बोलतात आणि 'डब्ल्यूबी' बटण फक्त तेवढंच ऐकतं. आपल्याकडं तशी सेवा नाही. इथं हवामानाचे इशारे आकाशवाणीच्या बातम्यांतून, टीव्हीवरून आणि मोबाईलवर मिळतात. म्हणजे लेकीच्या घरात जे बटण तिचा जीव वाचवू शकतं, ते माझ्या घरात शोभेचं. दुकानदार मात्र तोच शब्द मोठ्या अक्षरात छापून जास्त पैसे लावतात. तुमची मुलं तिकडं असतील तर त्यांना हा रेडिओ जरूर घ्यायला सांगा. इथल्या घरासाठी त्या बटणाचे पैसे देऊ नका.

आणखी एक गंमत. त्या रेडिओवर मिडियम वेव्हचे आकडे दहा-दहानं पुढं सरकायचे: १२४०, १२५०, १२६०. आपल्याकडची केंद्रं नऊ-नऊच्या अंतरानं असतात, म्हणून १२५१ नेमकं लागेचना. काही रेडिओंत नऊ-दहा बदलायची सोय असते, यात नव्हती. काटा फिरवायच्या जुन्या पद्धतीच्या रेडिओला ही अडचण येत नाही. मामांचा काटा आठवला आणि हसूही आलं, रडूही.

मग मी स्वतः रेडिओ निवडायला बसले. जे शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट, एफएम आणि मिडियम वेव्ह दोन्ही हवेत. आजकाल बरेच रेडिओ नुसते एफएमचे असतात. एफएम स्वच्छ ऐकू येतं, पण डोंगर आडवा आला की अडतं आणि फार लांब पोचत नाही. मिडियम वेव्ह लांबवर जातं, रात्री तर आणखी लांब. घरात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर चालू असले की मिडियम वेव्हवर गुरगुर येते, म्हणून लोक रेडिओ खराब म्हणतात. वीज गेली की ही गुरगुर थांबते आणि तेच केंद्र स्वच्छ लागतं. म्हणजे गरजेच्या वेळी तो जास्त चांगला चालतो! आणि लांब एरियल ओढायची ती एफएमसाठी. मिडियम वेव्हला एरियल ओढून उपयोग नाही, अख्खा रेडिओ हळूहळू वळवायचा, एका दिशेला आवाज भरून येतो. स्लॅबच्या घरात खिडकीपाशी बसावं.

दुसरी गोष्ट, तो कशावर चालतो. सोलरच्या मोहात पडू नका. पॅनेल बोटभर, आणि आपल्याला रेडिओ लागणार ऐन आभाळ भरलेलं असताना. हँडल चांगलं, पण हात दुखतो. माझ्या रेडिओला एक मिनिट फिरवलं की बारीक आवाजात आठ-दहा मिनिटं बातम्या मिळतात. मोबाईल पूर्ण चार्ज होईल या आशेवर राहू नका, एखादा फोन करण्यापुरतं मिळालं तरी खूप. खरा भरवसा साध्या पेन्सिल सेलवर, कारण ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. म्हणून सेल घालायची सोय आहे का, हे आधी पाहा. फक्त सेल रेडिओतच ठेवून विसरू नका, ते गळतात आणि रेडिओ खातात. वेगळ्या पिशवीत, रेडिओशेजारी ठेवा. संपलेले सेल ओढ्यात किंवा मातीत टाकू नका. त्यातलं विष किती जीवांना बाधेल, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तिसरी गोष्ट, पाणी. खोक्यावर 'आयपीएक्स ३' असेल तर उडणारे शिंतोडे सोसतो, 'आयपीएक्स ७' असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. काहीच लिहिलेलं नसेल तर घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी पुरते. आवाज पिशवीतूनही ऐकू येतो.

शेवटी मी दोन घेतले. घरासाठी हँडल, सेल आणि टॉर्च असलेला. प्रवासासाठी हा लहान, फक्त दोन सेलवर चालणारा, जो काकूंनी पाहिला. लेकीचा लाल रेडिओ तिच्याबरोबर परत पाठवला, तिथं तो कामाचा आहे.

प्रवासाचं सांगायचं तर, शिखरजीची वंदना तुम्ही केली असेल. मध्यरात्रीनंतर निघायचं, चढ, टोंकांची फेरी, उतार मिळून सत्तावीस किलोमीटर. वर गेल्यावर मोबाईलला कधी रेंज, कधी नाही. तिथं या लहान रेडिओचा एक उपयोग मला अनुभवानं कळला. मिडियम वेव्हवर रिकाम्या जागी काटा ठेवला आणि मधूनमधून 'कडाड, कडाड' असा आवाज येऊ लागला, तर कुठंतरी विजा पडताहेत. एफएमवर हे सहसा ऐकू येत नाही. आवाज दाट आणि मोठा होत गेला की वीज जवळ येतेय, मग पुढच्या टोंकेची घाई न करता पक्क्या छताखाली थांबायचं. आणि चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर रेडिओ ऐकत बसायचीही वेळ नाही. एरियल आत, आपणही आत. झाडाखाली मुळीच नाही.

मोबाईल टाकून द्या असं मी म्हणत नाही. 'दामिनी' विजेची सूचना देतं, 'मौसम' आणि 'सचेत' हवामानाचे व आपत्तीचे इशारे देतात, ती तीन ॲप माझ्याकडंही आहेत. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे आकडे कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. रेडिओ मोबाईलची जागा घ्यायला नाही, मोबाईल गप्प झाल्यावर बोलायला आहे.

२०२१ च्या जुलैत, चातुर्मास लागायच्या सुमारास, पुन्हा पाऊस कोसळायला लागला. सकाळच्या प्रादेशिक बातम्यांत कोयनेच्या पाणलोटात अतिवृष्टी आणि विसर्ग वाढवल्याचं ऐकलं. आत्ती पलंगावरून म्हणाल्या, "निघूया गं. उजेड आहे तोवर." कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. दुपारी वॉकर, औषधं, गाळणं, धोतीजोड्या आणि रेडिओ घेऊन आम्ही मिरजेला नणंदेकडं पोचलो. मागाहून आमच्या जिन्यापर्यंत पाणी आलं. या वेळी ते पाहायला आम्ही तिथं नव्हतो.

आता काकूंच्या प्रश्नाकडं येते. माझं परिग्रहाचं परिमाण आहे आणि त्यात दोन वस्तू वाढल्या हे खरं. म्हणून दोन कमी केल्या: वर्षानुवर्षं न लागलेला टोस्टर आणि एक घड्याळ. पण वस्तू मोजताना मी एक चूक केली होती. मामांचा रेडिओ काढून टाकला तेव्हा मला वाटलं होतं, अपरिग्रह झाला. तो झाला नव्हता. मी फक्त जुनं काढून नव्या रंगाच्या भिंतीला मोकळं केलं होतं. वस्तू किती आहेत याइतकंच कशासाठी आहेत हेही विचारायला हवं. दिवसभर गाणी लावून ठेवण्यासाठी रेडिओ घेतला असता तर तो अनर्थदंड म्हटला असता. घाबरून धावणारी पावलं थांबवण्यासाठी घेतला, तर मी त्याला यत्नाचार म्हणते. पाणी गाळतो ते काय पाण्याला घाबरून? आधी काळजी घेतली की नंतर हिंसा टळते, आपली आणि दुसऱ्याचीही.

एवढं करा. या आठवड्यात एक रेडिओ आणा किंवा माळ्यावरचा जुना खाली काढा. आपल्या घरात, आपल्या खिडकीपाशी कोणतं केंद्र कुठं लागतं ते स्वतः शोधा आणि आकडे चिठ्ठीवर लिहून त्याच्या पाठीला चिकटवा. मग महिन्यातून एकदा लावून पाहा. आमच्याकडं शुद्ध चतुर्दशीचा दिवस ठरलेला आहे. ते काम आत्तींचं. बसल्या जागी त्या हँडल फिरवतात, दहा मिनिटं ऐकतात आणि बंद करतात.

परवा मी विचारलं, "हात दुखत नाही का, आत्ती?"

"दुखतोय की," त्या म्हणाल्या, "पण हे भंगारात देऊ नकोस."

जय जिनेंद्र.