दुसरा दोर

जयपूरच्या मानसरोवरात सरोवर नाही. आहे ती राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली भलीमोठी वसाहत, 2015 साली सुरू झालेल्या मेट्रोचे टोकाचे स्टेशन आणि संक्रांतीला गच्चीगच्चीवरून उडणारे पतंग. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरी यंदा संक्रांतीच्या सकाळी, टाकीच्या लोखंडी शिडीपाशी उभी असताना, मला मांडवीतली डोलकाठी आठवली.

बॉलकॉक अडकला होता. टाकी भरून वाहत होती. प्लंबर सणाला गावी गेलेला.

लग्नानंतर काही वर्षे आम्ही पणजीत होतो. एका मित्राच्या शिडाच्या बोटीत आम्ही सुट्टीचे दिवस घालवायचो. डोलकाठीच्या टोकाचा दिवा बंद पडला तेव्हा मी वर गेले, कारण मी हलकी. कंबरेला कापडी बैठक, हत्यारे सुतळीने बांधलेली. शीड चढवायचा दोर टोकाच्या कप्पीवरून खाली येतो. तो विंचला तीन-चार वेढे देऊन नवरा ओढत होता. दुसरा दोर वेगळ्या कप्पीवरून, फक्त सुरक्षेसाठी. खालून बोट स्थिर वाटते. पण ती 5 अंश कलली तरी 15 मीटरवरचा माणूस सव्वा मीटरहून जास्त बाजूला झुलतो. मी डोलकाठीला मिठी मारून स्क्रू फिरवत होते. मधेच मी वीतभर खाली सरकले आणि थांबले. वाटले, लाट असेल.

वेढा निसटला होता, हे त्याने मला सात वर्षांनी सांगितले. मला थांबवले होते दुसऱ्या दोराने.

गेल्या मे महिन्यात, म्हणजे 2025च्या, नौदलाच्या दिलना आणि रूपा ‘तारिणी’वरून पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यात परतल्या, ते आम्ही टीव्हीवर पाहिले. बोट त्याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली. आठ महिने दोघीच. एक वर चढली की दोर, सुकाणू, समुद्र सगळे एकटीच्या हाती. तो नुसता बघत राहिला. मांडीवर त्याचा उजवा हात थरथरत होता.

दोन वर्षांपूर्वी त्याला कंपवात निघाला. तेव्हापासून मी कप निम्माच भरते, आणि तो ते पाहूनही काही बोलत नाही.

“अरे, शेजारच्या मुलाला बोलावते शिडी धरायला,” मी म्हणाले.

“मी धरतो. पण कंबरेला दोर बांध आणि टोक कठड्याला आवळ. माझ्यावर सोडू नकोस.”

इतके दिवस मला वाटायचे, दुसरा दोर बांधला तर त्याला अविश्वास वाटेल. तो स्वतःच मागत होता.

मी चढले. शिडीचा बारीक कंप तळव्यांना लागत होता. बॉलकॉक सोडवला, पाणी थांबले.

“झालं?” खालून आवाज आला.

“झालं. उतरते.”

“सावकाश. मी आहे.”

कठड्याला बांधलेला दोर मी खाली आल्यावरच सोडला. संध्याकाळी चहाचा कप त्याला काठोकाठ भरून दिला. थोडा सांडला. पुसला.