निदानरेषेच्या पलीकडे

कबड्डीच्या मैदानावर प्रतिपक्षाच्या अंगणात ‘निदानरेषा’ असते. चढाई करणाऱ्याने ती ओलांडायलाच हवी. नाहीतर तो बाद! या शब्दाचा दुसरा अर्थ मला दवाखान्यात कळला. निदान झाले: डाव्या गुडघ्यातील एसीएल तुटला. मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारी ही दोरी. मला कोणी लाथ मारली नव्हती. घोट्याची पकड बसली, पाय जागीच खिळला आणि धड मात्र वळले. रग्बी, फुटबॉल आणि कबड्डी या पिळाच्या बाबतीत सख्खी भावंडेच!

ही दोरी नुसती शिवून सहसा टिकत नाही. दुर्बिणीच्या साहाय्याने मांडीमागचा कंडरा काढून तिच्या जागी बसवतात. खरी गंमत पुढेच आहे. हा नवा कंडरा पहिल्या काही आठवड्यांत बळकट होण्याऐवजी कमकुवत होतो. त्यात रक्तवाहिन्या शिरायच्या, मग तो सावकाश घडायचा. नेमकी त्याच सुमारास सूज उतरते, दुखणे थांबते आणि वाटते, झालो बरा!

हा भ्रम डोंबिवली स्टेशनच्या पुलाने घालवला. जिना चढणे लवकर जमले; उतरताना मात्र मांडी थरथरे. उतरताना भार आवरून धरतो तो मांडीचा पुढचा स्नायू, आणि शस्त्रक्रियेनंतर तोच वाळलेला असतो. मागून लोकलची गर्दी ‘चला, चला’ करी आणि मी कठडा धरून एकेक पायरी मोजत असे. फडके रोडवर मित्र विचारत, “चालतोस तर झकास! मग खेळत का नाहीस?” नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरले, तर गुडघा पुन्हा निकामी होण्याचा धोका बराच वाढतो, हे रस्त्यात उभ्याउभ्या कसे सांगावे?

जिम्नॅस्ट दीपा कर्माकरच्या गुडघ्यावर 2017 मध्ये मुंबईत हीच शस्त्रक्रिया झाली. जुलै 2018 मध्ये तिने तुर्कस्तानात सुवर्णपदक जिंकले. आपल्या लक्षात राहते ते पदक. मधल्या वर्षभराच्या व्यायामाला टाळ्या नसतात.

असो. यंदा माझे शेवटचे वर्ष. आंतरमहाविद्यालयीन सामने आले तेव्हा सातवा महिना चालू होता. मी रेषेबाहेर बसून गुण मांडले. आपला संघ उपांत्य फेरीत हरला. कॉलेजची जर्सी आता पुन्हा अंगावर चढणार नाही, याचे वाईट वाटतेच. पण कबड्डीत नुसता गडी टिपून भागत नाही. मध्यरेषेपर्यंत परतावे लागते. चढाईला 30 सेकंद मिळतात. या परतीला वर्ष लागले, तर लागो.