गाडीचे वय

मोटार विकत घेण्याचा प्रसंग आमच्या कारवारच्या घराण्यात आजवर कोणावर आला नव्हता. तो आला बीदरच्या पठारावर, आणि तोही आमच्या भाचीमुळे. तिने येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, भालकी तालुक्यात नोकरी मिळविली, आणि आमच्याच घरी राहून ती कामावर जाऊ लागली. वय वर्षे तेवीस. मोटार चालविण्याचा परवाना हाती येऊन चारच महिने झालेले.

वाचक विचारतील, बस नाही काय? आहे. किंबहुना २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून फुकट प्रवासाची सोय झाली. परंतु देवणी गाय अडते ती बसचे वेळापत्रक पाहून अडत नाही. रात्री अकराला निरोप येतो, आणि औषधांची पेटी पाठीशी बांधून ही मुलगी दुचाकीवरून निघते. ती परत येईपर्यंत घरात कोणाच्याही डोळ्याला डोळा लागत नसे. अखेर आमच्या ताईने आपल्या पाटल्या मोडून कारवारहून दोन लाख रुपये पाठविले. भाचीचे स्वतःचे साठविलेले एक लाख होते. उरलेले कर्ज काढावयाचे, पण एकूण साडेपाच लाखांच्या पलीकडे पाऊल टाकावयाचे नाही असे ठरले. जाऊन येऊन दररोज सुमारे ऐंशी किलोमीटर, म्हणजे महिन्याला दोन हजार. एवढ्या प्रवासाला पेट्रोलचे अकरा-बारा हजार रुपये होत होते. म्हणून जुनी, परंतु विजेची गाडी शोधण्याचे ठरले.

विजेची मोटार कर्नाटकाला नवी नाही. बंगळूरला बनलेली ‘रेवा’ २००१ साली रस्त्यावर आली. दोन मोठी माणसे आणि मागे दोन मुले एवढाच तिचा संसार. पण हीच चिमुकली गाडी ‘जी-विझ’ या नावाने लंडनच्या रस्त्यांवर हिंडली. २०१० साली तो कारखाना महिंद्रांकडे गेला आणि २०१३ साली ‘ई-टू-ओ’ निघाली. आमच्या एका स्नेह्यांनी स्वस्तात मिळते म्हणून रेवाच सुचविली. आमचेही मन क्षणभर मोहले, खोटे कशाला बोला. परंतु तिच्या मूळच्या बॅटऱ्या शिशाच्या. त्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात, आणि पुरी भरली तरी ती ऐंशीच्या आसपास किलोमीटर चालावयाची. आमची रोजची वाटच तेवढी! रात्रीच्या गाईने मग कोणाकडे पाहावे?

बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो. आमच्या भाचीचा तर तो शिकलेला व्यवसायच. गाडीला दात नसतात. पेट्रोलच्या गाडीचे वय निदान तिच्या आवाजातून व धुरातून थोडेफार कळते. विजेची गाडी मात्र म्हातारपणीही मुकाट्याने चालते. तिचे खरे वय बॅटरीत, आणि बॅटरी केवळ पळून झिजते असेही नाही. उन्हात नुसती उभी राहिली, त्यातही काठोकाठ भरून ठेवली, तरी तिची ताकद हळूहळू ओसरते. कलबुर्गीच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याने गाडी आजवर सावलीत उभी होती की अंगणात, हे आधी विचारावे.

हैदराबादेत आम्ही एक गाडी पाहिली. रंग आरशासारखा, गादीवर डाग नाही. परंतु हिरव्या पाटीवरील अक्षरे पिवळी होती. खाजगी गाडीची पांढरी असतात. पिवळी म्हणजे भाड्याने धावलेली. विकणारा गृहस्थ बॅटरीची गोष्ट निघाली की रंगाकडे वळे. भाचीने तीस किलोमीटर चालवून पाहिली, आकडा पाहिला आणि आमच्या कानाशी कोंकणीत म्हणाली, “मामा, गाडी बरी आसा, पूण तिचें काळीज म्हातारें जालां.” आम्ही चहा घेऊन उठलो.

पुढे कलबुर्गीच्या एका व्यापाऱ्याकडे टियागो मिळाली. २०२२ साली टाटांनी ही गाडी विजेवर आणली तेव्हा तिची आरंभीची किंमत ८ लाख ४९ हजार होती. हिची बॅटरी २४ युनिटांची, म्हणजे दोहोंपैकी मोठी. कंपनीने नव्या गाडीच्या बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर दिली होती. त्यातली उरलेली वर्षे नव्या मालकाला मिळतील काय, हे आम्ही कागदावर लिहून मागितले. मग परीक्षा. गाडी रात्री पूर्ण भरावयास सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, थंड हवेचे यंत्र चालू ठेवून, चौघे जण बसून ऐंशी किलोमीटर फिरलो. बॅटरी शंभरावरून ४८ वर आली. म्हणजे ५२ टक्क्यांत ऐंशी. पूर्ण भरली तर दीडशेच्या पुढे. कामावरून परतल्यावरही एका रात्रीच्या हाकेपुरते उरते. सौदा ५ लाख ३० हजारांना झाला.

घरी एक अडचण मात्र निघाली. कर्नाटकात २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत घरगुती वीज फुकट मिळते, पण महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. गाडी एकटीच तीनशे खाणार! फुकटाची वीज गेल्याचे ऐकून आमच्या गृहिणीने आम्हांकडे असे पाहिले, की आम्ही त्याच दिवशी गाडीसाठी वेगळे मीटर मागण्याचा अर्ज लिहावयास बसलो. वायरमनला बोलावून जमिनीत नवे अर्थिंगही घालून घेतले.

दिवाळीनंतर पहिली रात्रीची हाक आली. बॅटरी ४६ वर होती, जाऊन येऊन साठ किलोमीटर. भाचीने पाटीवर खडूने हिशोब करावा तसा मोठ्याने हिशोब केला, पेटी मागच्या आसनावर ठेवली आणि ती निघाली. पहाटे तीनला आली तेव्हा बॅटरीत ९ टक्के उरले होते, आणि कालवड झाली होती.