दोन पोलादांचा सांधा

धरणाचा दरवाजा दुरून एकसंध भासतो; परंतु दरवाजाचे रबरी सील ज्या पट्टीवर घासत वरखाली होते, ती पट्टी गंजून खरबरीत झाली तर रबर फाटून पाणी झिरपू लागेल, म्हणून ती स्टेनलेसची करून साध्या पोलादावर वेल्ड करण्याचा शिरस्ता आहे. पूर्णेवरील सिद्धेश्वर धरणाच्या पंचक्रोशीत वेल्डिंग करीत असता या दोन भिन्न प्रकृतींच्या पोलादांचा सांधा हाच माझ्या चिंतनाचा विषय होऊन बसला.

जाड प्लेटींचा साधा पोलादी सांधा सुमारे 600 अंशांवर, 25 मिलिमीटर जाडीस एक तास या हिशेबाने, भट्टीत ठेवून सावकाश निववला म्हणजे वेल्डिंगच्या वेळी आत कोंडलेला ताण बहुतांशी सुटतो, हे निर्विवाद. मात्र हेच फर्मान स्टेनलेसच्या सांध्यास लागू केले की अनर्थ ओढवतो. 304 जातीच्या स्टेनलेसमधील कार्बन 425 ते 850 अंशांच्या दरम्यान क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर साचतो, आणि ज्या क्रोमियमच्या बळावर गंज दूर राहतो ते क्रोमियमच त्या सीमांलगत उणे पडते. शिवाय तापल्यावर स्टेनलेस अधिक प्रसरण पावते. मीटरभर लांबीत 600 अंशांपर्यंत अडीच-तीन मिलिमीटरांची तफावत पडते. असमान चालीचे बैल एका जुवाला जुंपावेत तसे हे होय: भट्टीत ताण सुटला, तरी निवताना तो नव्याने भरतो.

असा तापवलेला एक तुकडा मी कापून, घासून, त्यावर नायट्रिक आम्ल मिसळलेले अल्कोहोल फिरवले, तेव्हा सांध्याच्या रेषेलगत साध्या पोलादाच्या अंगास फिकट पट्टा आणि पलीकडे वेल्डच्या काठाला बारीक काळी रेघ उमटली. कार्बन घर सोडून क्रोमियमकडे गेला होता: एक बाजू मऊ पडली, दुसरी ठिसूळ झाली. ज्या साहेबांनी या तुकड्यासाठी भट्टीचा आग्रह धरला, त्यांचा हेतू शुद्धच होता. कागदावर जाडीचा रकाना होता, धातूचा नव्हता.

खरा उपाय क्रमाचा आहे. जाड पोलादाच्या कडेवर प्रथम 309 एल या स्टेनलेस रॉडचा, अथवा तप्त नळ्यांच्या कामी निकेलच्या रॉडचा, पुरेसा जाड थर चढवावा. त्या तुकड्यालाच भट्टीत घालून ताण सोडवावा. थर मशीनवर साफ करावा आणि नंतर स्टेनलेस जोडावे. या शेवटच्या वेल्डखालील साधे पोलाद पुन्हा फारसे तापत नाही, त्यामुळे भट्टीची गरज उरत नाही. दरवाजाच्या पातळ पट्टीला तर प्रारंभापासूनच भट्टी नको.

उष्णतेशी माझे वैर नाही. सिद्धेश्वर धरणाच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार असून 2023 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. अमेरिकेतील तिच्या भावंडांच्या चार किलोमीटर लांब नळ्यांचे 304 एल पोलाद, आतला हायड्रोजन निघून जावा म्हणून, साडेचारशे अंशांच्या आसपास मुद्दाम तापवले होते. कार्बन अत्यल्प असल्याने ते त्या तापाला पुरून उरले.

नकाशे काढणाऱ्यांना एवढीच विनंती आहे, की ताण सोडवण्याचा मजकूर लिहिताना तो सांध्याच्या आधी की नंतर, आणि कोणत्या तुकड्यासाठी, हेही नकाशावरच स्पष्ट नमूद करावे.