चुकीचा पर्याय

बरोबर उत्तर कोणालाही लिहिता येतं. ते एसओपीत असतं, सेफ्टी ऑफिसरच्या तोंडी असतं, गेटजवळच्या फलकावरही असतं. माझं पोट चुकीच्या उत्तरांवर चालतं. कारखान्यांसाठी ऑनलाइन ट्रेनिंग लिहिण्याच्या या धंद्यात आवाजाला, चित्रांना, अ‍ॅनिमेशनला माणसं मिळतात. पण प्रश्नाखालचा चुकीचा पर्याय लिहायला बसलो की अजूनही माझी सकाळ जाते आणि हाती एखादी ओळ लागते.

परवा माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या मुलीने पॉवर प्रेसवरची अख्खी प्रश्नावली चहा येईपर्यंत तयार केली. एसओपीची पीडीएफ एआयला दिली, झालं. भाषा माझ्याहून स्वच्छ. चुकीचे पर्याय मात्र शेंबडं पोरही निवडणार नाही असले: ‘मशीन चालू ठेवून डायमध्ये हात घालावा.’ शिवाय बरोबर पर्याय जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत लांब. ही मेख कामगारांनी केव्हाच ओळखली आहे. चाकणच्या एका प्लांटात एक पठ्ठ्या शिफ्ट सुटताना चार-पाच जणांचे फोन गोळा करायचा आणि व्हिडिओ पळवून, निव्वळ पर्यायांच्या लांबीवर सगळ्यांना पास करून द्यायचा. मला तो आवडायचा. माझ्या प्रश्नावलीवर तो अडला, तेव्हा मी घरी पेढे न्यायचेच बाकी ठेवले होते.

चुकीचा पर्याय शहाण्या माणसाला घाईत पटला पाहिजे. ‘मोटर बंद केली, दिवा विझला, म्हणून अडकलेला जॉब काढायला हात घातला.’ यात मूर्खपणा कुठे आहे? घरात दिवा विझला की वीज गेली असंच आपण समजतो. पण मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील फिरत असतं, आणि त्या फिरण्यात रॅम एकदा खाली आणण्याइतकी ताकद शिल्लक असते. तो पर्याय निवडून ‘चूक’ असं पाहणारा माणूस त्या क्षणी जे शिकतो, ते माझ्या दहा मिनिटांच्या व्हिडिओने त्याला शिकवलेलं नसतं. म्हणून मी परीक्षा शेवटी ठेवत नाही. आधी प्रश्न, चुकू दे, मग व्हिडिओ. ग्राहकांना हे उलटं वाटतं. वाटू दे.

आता खरी अडचण. पर्याय किती असावेत यावर अमेरिकेत मायकेल रॉड्रिग्ज यांनी 2005 साली ऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र करून सांगितलं की तीन पुरेत. चौथा बहुतेक वेळा भरतीचाच असतो. अनुभवाने मलाही ते पटतं. पण तीन म्हणजे चुकीला जागा दोनच, आणि लाइनवर माणसं किती तऱ्हांची! वीस वर्षं डाय बसवणारा सेटर चुकतो तो हाताच्या भरवशावर. ओडिशाहून परवा आलेला कंत्राटी पोरगा चुकतो, कारण विचारायचं कुणाला हे त्याला ठाऊक नसतं. मेंटेनन्सवाला चुकतो, कारण मशीनची वीज तोडून लावलेलं कुलूप त्याचं नसून आधीच्या शिफ्टचं असतं. दोन जागांत यांतल्या कुणाची चूक बसवू? सेटरची चूक लिहिली तर नवा पोरगा ती सहज टाळतो, पास होतो, आणि स्वतःची चूक जशीच्या तशी घेऊन मशीनवर जातो. कामाप्रमाणे वेगळे प्रश्न दाखवणं सॉफ्टवेअरला जड नाही. जड जातं ते ऑडिटला: सगळ्यांची परीक्षा एकच हवी, म्हणजे तक्ता सुटसुटीत.

आणि एक पर्याय तर मला कधीच छापून मिळालेला नाही. ‘सुपरवायझर म्हणाला, आधी नग पुरे कर.’ प्लांट कुठलाही असो, पोरांशी गेटबाहेर बोललं की हीच चूक सगळ्यांत आधी निघते. मसुद्यात मी ती लिहितो आणि एचआरकडून ती लाल रेघेखाली परत येते. वर गोड निरोप: ‘यातून चुकीचा संदेश जाईल.’ चुकीच्या पर्यायातून चुकीचा संदेश जाणार नाही तर काय जाणार? भोपाळनंतर 1987 साली कारखाने कायद्यात 111-अ कलम घातलं गेलं आणि सुरक्षेची माहिती व प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क ठरला. त्या हक्काचं आमच्या धंद्यात झालंय काय, तर कम्प्लिशनचा टक्का. शंभर टक्के हिरवं दिसलं की बिल मंजूर.

हिंजवडीतल्या आमच्या भाईबंदांनी हा टक्का वाढवण्याची कलाच केली आहे. बॅज, चषक, टाळ्यांचा आवाज, पिवळं हेल्मेट घातलेला हसरा बाहुला. मध्यंतरी दोन मिनिटांच्या तुकड्यांची टूम निघाली. तुकडे छोटे असावेत हे मला मान्य आहे, नाश्त्याच्या सुट्टीत माणसाला तेवढाच वेळ असतो. पण दोन मिनिटांत बाहुला एक मिनिट नाचतो. तिसरा प्रकार ‘पुढे’चं बटण ठरावीक सेकंद गोठवून ठेवणाऱ्यांचा, तेवढ्या वेळात फोन बाकावर असतो आणि माणूस टपरीवर. याहून जुना रोग म्हणजे पडद्यावर जे लिहिलंय तेच आवाजात वाचून दाखवणं. त्याने समजायला मदत होण्याऐवजी अडथळाच होतो, हे रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांनी दाखवून जमाना झाला. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी आवाज ठेवा ना, पण मग अक्षरं काढा.

तर त्या मुलीबद्दल. तिची प्रश्नावली मी ऐटीत परत केली आणि चुका कशा गोळा करायच्या यावर तिला लेक्चर दिलं: शिफ्ट बदलताना टपरीवर उभं राहा, आधी गावाकडचं विचार, सेटरला सिगारेट दे वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग कंत्राटी पोरांना व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न पाठवला: तुझ्या बाजूचा माणूस घाईत काय करतो? व्हॉइस नोट टाक, कुठल्याही भाषेत. ‘तू काय करतोस’ असं तिने विचारलंच नाही. भोजपुरीत, उडियात, आमच्या नांदेडकडच्या मराठीत नोट्स आल्या. ऐकणं आणि समजून घेणं हे काम तिने पुन्हा एआयकडे दिलं. त्यातली एक नोट अशी: ‘डाव्या बटणावर टेप होती. मला वाटलं ते बटण वापरायचं नसतं.’

दोन्ही हात डायबाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणं असतात. जुने लोक एक बटण टेपने दाबून ठेवतात, हे मला माहीत होतं आणि तो पर्याय मी कैकदा लिहिला होता. पण नव्या पोराला ती टेप मशीनचाच भाग वाटते. तो नियम मोडत नसतो, जे दिसलं ते शिकत असतो. टपरीवर माझ्याशी बोलायचे ते सगळे जुनेच. नवी पोरं माझ्यासमोर तोंड उघडत नसत, आणि माझा मात्र समज की अख्खा कारखाना माझ्याशी बोलतो.

नोटमधला तो पर्याय प्रश्नावलीत गेला. कोणत्या उत्तरावर किती बोटं पडली याचा तपशील सॉफ्टवेअर साठवू शकतं. ग्राहक तो मागत नाहीत, मी मात्र रात्री घरी बसून पाहतो. टेपवाल्या पर्यायाने माझ्या लाडक्या फ्लायव्हीलला सहज मागे टाकलं. मी तिचं कौतुक केलं. त्याआधी दोन दिवस केलं नव्हतं.

हे वाचणाऱ्यांत कोणी सेफ्टी ऑफिसर किंवा एचआरवाले असतील, तर एक विनंती: पुढचा मसुदा येईल तेव्हा सुपरवायझरच्या ओळीवर लाल रेघ मारण्याआधी, दुसऱ्या पाळीत लाइनवर जाऊन ती ओळ खरी आहे का एवढं विचारून या.