बैहरचा बाजार आणि मावशींचे स्वयंपाकघर

बैहर गावातून प्रवासी पुष्कळ जातात, पण तेथे थांबणारे थोडे. बालाघाटचा घाट चढून आलेल्या मोटारी चहापुरत्या उभ्या राहतात आणि कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की दरवाजाकडे निघून जातात. आम्ही मात्र वाघ पाहावयास नव्हे, तर तवा, हंडी आणि सूप घ्यावयास बैहरला गेलो होतो.

त्याचे कारण असे. आमच्या कन्येस नागपुरात नोकरी लागली आणि एका खोलीचे बिऱ्हाड मांडण्याची वेळ आली. बैहरला राहणाऱ्या मावशींस ही वार्ता कळताच त्यांचा निरोप आला, "नागपुरात काही घेऊ नका. पोरीला आधी इकडे आणा. तिचे स्वयंपाकघर मी मांडून देते." मावशींचे वय आता अठ्ठ्याहत्तर. त्यांचा शब्द मोडण्याची आमच्या घरी रीत नाही. तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयता कन्येस घेऊन गोंदियाहून निघालो.

बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग तोडून हा जिल्हा केला, तेव्हा हे नाव खरे शोभत होते ते वरच्या पठाराला. खाली वैनगंगेच्या काठी भाताची खाचरे पसरलेली आहेत. बालाघाट सोडून भरवेली येथील मँगनीजची खाण मागे टाकली, की रस्ता वर चढू लागतो, हवा पालटते, आणि सालवृक्षांचे अरण्य सुरू होते. सुमारे ६५ किलोमीटरांचा हा प्रवास. खालच्या ताटात भात, तर वरच्या ताटात कोदो आणि कुटकी, असा या दोन मुलखांचा जुना हिशेब आहे.

मावशींचे सासरे ज्या काळी बैहरला आले, त्या काळी या मुलखाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्यप्रदेशात राहिला. घर जेथे होते तेथेच राहिले, राज्य मात्र पालटले. मावशी घरात मराठी बोलतात, बाजारात हिंदी, आणि शेजारणीशी पोवारी. त्यांच्या स्वयंपाकघरातही असाच त्रिवेणी संगम आहे.

बाजाराचा दिवस होता. उन्हे अंगणात उतरल्यावर आम्ही निघालो. मावशींनी दोन वस्तू बरोबर घेतल्या. एक, पदराच्या गाठीत मूठभर कुटकी. दुसरी, लग्नात माहेराहून आलेला पितळी गंज आणि दोन गुंड, एका पोत्यात बांधून. भंडाऱ्याच्या कासारांनी घडविलेली ती भांडी. कन्येनेही एक वस्तू घेतली होती. शीतकपाटाच्या दारावर चिठ्ठी लावावयाचे लहानसे लोहचुंबक. तिच्या खोलीत गॅस नाही, विजेची इंडक्शन शेगडी आहे. ती शेगडी स्वतः तापत नाही. तिच्यातील बदलते चुंबकक्षेत्र भांड्याच्या बुडात वीज खेळविते आणि उष्णता भांड्यातच उत्पन्न होते. म्हणून ज्या बुडास चुंबक चिकटते, तेच भांडे तिच्यावर चालते.

प्रथम सूप. बांबूच्या वस्तू विकणाऱ्या बाईपुढे सुपांची चळत होती. मावशींनी एक सूप उचलले, पदराची गाठ सोडली आणि त्यावर कुटकी ओतली. कुटकीचा दाणा मोहरीपेक्षा थोडासाच मोठा. दोनदा पाखडताच चार दाणे फटीतून खाली पडले. सूप परत गेले. दुसऱ्याची तीच गत. तिसऱ्याने एकही दाणा सोडला नाही. विकणाऱ्या बाईस राग आला नाही. तिने पडलेले दाणे वेचून मावशींच्या पदरात टाकले आणि म्हणाली, "आता असे पारखणारे कमी येतात."

मग लोखंड. मैकल पर्वताच्या या रांगांत अगारिया नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या दगडातून लोखंड काढीत असत. मातीची लहान भट्टी, सालाचा कोळसा आणि पायांनी दाबावयाचे भाते, एवढीच त्यांची सामग्री. वेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर एक ग्रंथच लिहिला. भट्ट्यांवरील कर, जंगलाचे निर्बंध आणि कारखान्यांचे स्वस्त लोखंड यांपुढे तो धंदा टिकला नाही. आजचे लोहार बहुधा भंगाराच्या लोखंडावर विळ्या-कोयते घडवितात. आम्ही गेलो त्या लोहारापुढे दहाबारा तवे मांडलेले होते. मावशींनी जाड तवा निवडला, कारण पातळ तव्यावर भाकरी डागते आणि आत कच्ची राहते. कन्येने चुंबक लावले. ते टच्कन चिकटले. परंतु तवा दगडावर ठेवताच डुगडुगला. चुलीच्या तव्याला बाक असतोच आणि तेथे तो हवाही असतो, पण इंडक्शनला सपाट बूड लागते. लोहाराने क्षणभर विचार केला, तवा ऐरणीवर घेतला आणि अर्ध्या घटकेत त्याचा बाक काढून दिला. आजी आणि नात दोघींचेही समाधान झाले. या डोंगरांची सर्वांत जुनी धातुविद्या सर्वांत नव्या शेगडीवर बिनतक्रार बसली, याचे आम्हांस कौतुक वाटले.

मातीची हंडी बोटाने वाजवून घेतली. खणखणीत वाजली ती घेतली, बद्द वाजली ती ठेवली. हंडी इंडक्शनवर चालत नाही, हे कन्येने सांगितले. "मग दही लाव तिच्यात," मावशी म्हणाल्या.

शेवटी आम्ही भांड्यांच्या दुकानात आलो. दुकानदार चुंबकाकडे पाहून हसला आणि म्हणाला, "चुंबक चिकटले तर स्टील खोटे." हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः स्टेनलेस स्टीलचे प्रकार अनेक. काहींना चुंबक चिकटते, काहींना नाही, आणि दोन्ही खरीच असतात. कन्येने जाड, सपाट बुडाचे एक पातेले निवडले. मग मावशींनी पोते सोडले.

बैहरपासून थोड्याच अंतरावर मलाजखंड आहे. १९८२ पासून तेथे हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची तांब्याची मोठी खाण चालते. शंभर किलो खडकात जेमतेम किलोभर तांबे असते. दगड भरडून त्याचा सत्त्वांश काढतात आणि तो बाहेरच्या कारखान्यांकडे जातो. तांबे आणि जस्त मिळून पितळ होते. म्हणजे घराशेजारी तांब्याचा डोंगर आणि मावशींच्या गंजाला मात्र वर्षानुवर्षे कल्हई नाही! पूर्वी कल्हईवाला दारी येई, भांडे तापवी, नवसागर टाकी आणि कथलाचा हात फिरवी. कल्हई उडालेल्या पितळेत चिंच-ताकाचे पदार्थ कळकतात आणि बाधतातही. आता तो फिरकत नाही.

"हा गंज पोरीला द्यायचा म्हणून आणला," मावशी म्हणाल्या, "पण तिच्या शेगडीवर चालतो का बघू." चुंबक लावले. ते घसरून खाली पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. कोणी काही बोलले नाही. मावशींनी चुंबक उचलून नातीच्या हातात दिले आणि दुकानदारास म्हणाल्या, "तिन्ही मोडीत घ्या. त्या पैशात तिचे पातेले बसवा."

गुंड तराजूत गेले. त्यांविषयी मावशींस दुःख नव्हते. नळ घरात आला, तेव्हा डोक्यावरून पाणी आणणे सुटले, आणि ते सुटले याचा त्यांना आनंदच होता. गंज ठेवण्याची वेळ आली तेव्हा त्यांचा हात थोडा थांबला. काठावर माहेरचे नाव कोरलेले होते. आम्ही मध्ये पडणार, तोच कन्येने विचारले, "आजी, कोरड्या धान्याला कल्हई लागते का?"

"नाही गं. कोरड्या धान्याला कसली कल्हई?"

"मग मी यात तांदूळ ठेवीन."

मावशींनी गंज परत पोत्यात घातला. पातेल्याचे उरलेले पैसे आम्ही दिले.

दुपारचा स्वयंपाक निवांत झाला. मावशी पाटावर बसून सांगत होत्या आणि कन्या करीत होती. तवा प्रथम राखेने घासला, तापविला आणि तेलाचा बोळा फिरवून काळा होईपर्यंत पुन्हा पुन्हा तापविला. पोपटाच्या दाण्यांची भाजी, भाजलेल्या टोमॅटोची चटणी, ज्वारीच्या भाकरी आणि कोदोचा भात. गोडाला चिन्नोर तांदळाची खीर आणि तीत जंगलची चारोळी. बालाघाटच्या या सुगंधी, बारीक तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दूध उकळू लागताच सगळे घर दरवळले.

परसात मातीचे एक जुने जाते पडले होते. कोदोच्या दाण्यावर टणक टरफल असते. दगडी जात्यात दाण्याचा भुगा होतो, म्हणून ते काढण्यास मातीचे हलके जाते वापरीत. मग कांडावयाचे, पाखडावयाचे आणि पुन्हा कांडावयाचे. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष साजरे केले आणि कोदो शहरांच्या दुकानांत आला. आम्ही त्याची स्तुती करू लागलो, तेव्हा मावशी म्हणाल्या, "कोदो चांगला खरा, पण शेरभर कोदोसाठी बाईचा सगळा दिवस जाई. हे खाणाऱ्याला कळत नसे. आता यंत्रावर सडून मिळतो, म्हणून मी परत खाते." आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. टरफलासह कोदो वर्षानुवर्षे टिकतो, पण ओल लागून बुरशी आलेला कोदो विषारी होतो. खाल्ला तर भोवळ येते, उलट्या होतात. तो पाखरालाही घालू नये.

वाचकहो, जुन्या भांड्यांविषयी आपण हळहळतो, तेव्हा ती उचलणाऱ्या, घासणाऱ्या हातांचा आपणांस बहुधा विसर पडतो. मावशींस तो पडला नव्हता. जे ओझे होते ते त्यांनी स्वतः तराजूत घातले. जी पारख होती ती मात्र मूठभर कुटकीसह नातीच्या पदरी घातली. घरातील वडीलधाऱ्यांकडून घ्यावयाचे ते हेच, आणि ते हात थकण्यापूर्वी घ्यावयास हवे.

दुसऱ्या दिवशी निघताना मावशींनी गंज काठोकाठ कोदोने भरला आणि वर फडके बांधले. "लेकीला रिकामे भांडे देऊ नये," एवढेच म्हणाल्या.

आठ दिवसांनी नागपूरहून कन्येचा दूरध्वनी बैहरला गेला. "आजी, कोदोचा गोळा झाला!"

पलीकडून ताबडतोब उत्तर आले, "पाणी कमी घाल. आणि उद्या परत करून बघ, गंज अजून भरलेला आहे."