अकरा सेकंदांची झोप

'सध्या काय करतेस?' या प्रश्नाची मला भयंकर अ‍ॅलर्जी आहे. फ्रीलान्स पत्रकाराला हे विचारणं म्हणजे 'तुझ्या खात्यात किती पैसे आहेत?' असं तोंडावर विचारण्यासारखंच. म्हणून परवा कॉलेजच्या ग्रुपमधल्या एकीनं विचारलं, तेव्हा खरं तेच सांगून टाकलं. 'यो-यो.' तिला वाटलं, नवीन डाएट आहे!

नाही हो. तोच तो, दोन चकत्या, मध्ये दांडी, दांडीला दोरा. लहानपणी जत्रेत मिळायची ती चकरी. माझा लाकडी आहे, लाल-पिवळा, चन्नपट्टणहून आणलेला. बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरचं हे खेळण्यांचं गाव. स्टोरी करायला गेले होते. तिथले कारागीर फिकट रंगाच्या, मऊ 'हाले' लाकडाला लेथवर आकार देतात आणि फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणानं लाख तापते, वितळते आणि रंग लाकडावर चढतो. तासभर मी तोंड उघडं टाकून बघत बसले होते. त्या स्टोरीचं मानधन सात महिन्यांनी आलं (कुणाकडून ते विचारू नका). यो-यो मात्र त्याच दिवशी हातात आला.

सुरुवातीला फार बोअर झाला. खाली टाका, वर येतो. टाका, येतो. मग कळलं की माझ्या यो-योचा दोरा दांडीला गाठ मारून बांधलेला आहे, आणि खरी गोची तिथेच आहे. दोरा बांधायचा नाही, त्याचा फास दांडीभोवती नुसता अडकवायचा. असं केलं की यो-यो दोऱ्याच्या टोकाशी जाऊन तिथेच, जागच्या जागी फिरत राहतो. याला म्हणतात यो-यो 'झोपणं'. मग हाताला हलका झटका द्यायचा. दोरा क्षणभर ढिला पडतो, दांडीला पकडतो, आणि स्वारी सुर्रकन वर.

एवढ्याशा फासानं केवढा धंदा उभा केला बघा. पेद्रो फ्लोरेस नावाचा फिलिपिनो माणूस कॅलिफोर्नियात सांता बार्बराला हॉटेलात सामान उचलायचं काम करायचा. त्यानं १९२८ साली यो-यो बनवायला सुरुवात केली. यो-यो आपण शोधला असं तो म्हणत नसे, तो त्याच्या देशातला जुनाच खेळ होता. पुढे डंकन नावाच्या व्यावसायिकानं त्याचा धंदा विकत घेतला आणि अमेरिकाभर मेपल लाकडाचे यो-यो विकले. 'यो-यो' हे नावही स्वतःच्या मालकीचं करून ठेवलं होतं. १९६५ साली कोर्टानं सांगितलं, हा शब्द आता सगळ्यांचा झाला. कंपनीचं दिवाळंही त्याच वर्षी निघालं.

आजचे स्पर्धेतले यो-यो धातूचे असतात, मध्ये बॉल बेअरिंग. ते मिनिटं-मिनिटं झोपतात. माझा लाकडी पठ्ठ्या, दांडी पक्की बसवलेली, लाकडावर सुती दोरा घासतोय. माझा रेकॉर्ड अकरा सेकंद. हसू नका! हे अकरा सेकंद यायला मला दोन महिने लागले आणि बोटांची हाडं चार वेळा शेकून निघाली.

कारण सगळा खेळ दोऱ्याच्या पिळाचा आहे. पीळ जास्त झाला की फास दांडीला आवळतो, यो-यो न झोपताच परत येतो. पीळ कमी झाला की मस्त झोपतो, पण कितीही झटके द्या, उठत नाही. आणि प्रत्येक फेकीला पीळ थोडा-थोडा बदलत राहतो. म्हणून दहा-बारा फेकींनंतर थांबायचं, यो-यो खाली लोंबकळत सोडायचा आणि त्याला आपल्या मनानं गरगरून शांत होऊ द्यायचं. दोरा बाजारातला नायलॉनचा चालत नाही, घासला की तापून वितळतो. मी पतंगाची साधी सद्दी घेते. आठ पदर, कडक पीळ, मग मधोमध दुमडायचं. तो स्वतःच स्वतःभोवती गुंडाळतो, आणि दुमड आली तिथे फास तयार. लांबी जमिनीपासून बेंबीपर्यंत. आठवड्याला एक दोरा जातोच.

आता घरची गोष्ट. आम्ही चिंचवडला राहतो. आई शाळेत शिकवते, तिच्या पगारावर घर चालतं. बाबा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, अठ्ठावीस वर्षं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये ते बंद पडलं ते पडलंच. तेव्हापासून बाबा, टीव्ही आणि सोफा. मी २०२३ साली चॅनेलची नोकरी सोडली त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, 'माझी गेली. तू सोडलीस.' त्यानंतर आमच्यात जे बोलणं व्हायचं ते गॅस सिलिंडर आणि पाण्याच्या वेळा, एवढंच. हॉलमध्ये मी यो-यो फेकायचे तेव्हा ते आवाज वाढवायचे. टीव्हीचा.

यंदाच्या जुलैमध्ये यो-यो बिघडला. पावसाळ्यात लाकूड ओल ओढून फुगतं, दोऱ्याला जागा उरत नाही, झोप दोन सेकंदांवर आली. खरं तर तांदळाच्या डब्यात चार दिवस ठेवून दिला असता तरी भागलं असतं. पण मला कुठला धीर! पॉलिश पेपरची पट्टी आत घालून दांडी घासत बसले. खूप घासली. एका बाजूनं जास्त. दुसऱ्या दिवशी यो-यो दारुड्यासारखा झोकांड्या खायला लागला आणि तिसऱ्या दिवशी दांडी कडकन मोडली. एक चकती थेट सोफ्याखाली.

बाबांनी वाकून ती काढली. मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी चकती बोटांवर फिरवली, एक डोळा मिटून बघितली.

'हे भोक सेंटरला नाहीये,' ते म्हणाले. 'पहिल्यापासूनच नव्हतं. आणि तू दांडीची पार वाट लावलीस.'

'तुम्हाला दिसतं असं नुसतं?'

'अगं, अठ्ठावीस वर्षं दुसरं काय केलं?'

संध्याकाळी टीव्ही बंद होता. त्यांनी आईचं तडा गेलेलं शिसवी लाटणं मागून घेतलं, त्यातून रेषेच्या दिशेनं एक काडी चिरली. आडव्या रेषेची काडी मोडणारच, असं मला न विचारता समजावून सांगितलं. ती काडी घरच्या ड्रिल मशीनमध्ये पकडली, मशीन मांडीत धरलं आणि फिरत्या काडीला पॉलिश पेपर लावला. दोन सूत जाडी. हॉलभर भुसा उडाला. आई दारात उभी राहून बघत होती, एक शब्द बोलली नाही. एरवी चप्पल वाकडी काढली तरी तिचं लेक्चर असतं.

दांडी झाली, पण चकत्यांची भोकं सरळ करायची तर ड्रिलवर भागेना. दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा यो-यो डुगडुगला. बाबा चिडले. 'याला लेथच पाहिजे,' म्हणाले आणि सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून टीव्हीवर ठेवून दिलं. तीन दिवस ते पुडकं तिथेच. मीही विचारलं नाही. त्यांचे जुने सोबती अजून भोसरीत काम करतात, एकानं स्वतःचा छोटा शेडही टाकलाय. पण गेल्या पाच-सहा वर्षांत बाबा त्या बाजूला फिरकले नव्हते. आईच्या मावशीच्या घरी जायला तो रस्ता जवळचा, तरी ते लांबून रिक्षा घ्यायला लावायचे.

चौथ्या दिवशी सकाळी पुडकं नव्हतं. बाबाही नव्हते.

दुपारी तीनला आले. शर्टाला कूलंटचा वास, लहानपणी मला तोच बाबांचा वास वाटायचा. जेवण झालंय म्हणाले, 'शेडवरच डबा खाल्ला.' कोणाच्या, ते सांगितलं नाही. खिशातून यो-यो काढला. चकत्या तशाच लाल-पिवळ्या, मधली दांडी काळसर शिसवी, आणि सोबत कागदात गुंडाळलेल्या आणखी दोन दांड्या. 'या जास्तीच्या. तू मोडणारच.'

मी नवा दोरा चढवला आणि यो-यो त्यांच्याच हातात दिला. मधल्या बोटात सरकफास कसा घालायचा ते दाखवलं, मनगट कसं वळवायचं ते दाखवलं. पहिल्या फेकीत तो खाली गेला आणि तिथेच फिरत राहिला, जराही न डुगडुगता. बाबांनी झटका दिला. आला नाही. परत दिला. नाहीच. फिरत-फिरत मेला आणि दोऱ्यावर लोंबकळत राहिला.

बाबांनी दोरा चिमटीत धरून बघितला.

'पीळ कमी पडलाय,' ते म्हणाले. 'आण ती सद्दी इकडे. आणि ड्रिल मशीन कुठे ठेवलंस?'